दोन दरपत्रकं आणि ‘भाऊ, फायनल किती?’: ऑनलाइन बीट्स विकण्याचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी बीट्स (गायकाने वर गावं म्हणून तयार केलेलं संगीत) दोन दरपत्रकांवर विकतोय. एक डॉलरमधलं, परदेशी बीट-मार्केटप्लेसवरच्या माझ्या दुकानात. दुसरं रुपयांतलं, इन्स्टाग्रामवर पिन करून ठेवलेलं. त्याचे पैसे यूपीआयने येतात. रचना सगळीकडे असते तीच: एमपीथ्री लीज (लीज म्हणजे बीट वापरायची परवानगी; तीच बीट इतरांनाही देता येते), वेव्ह लीज (मोठी, न दाबलेली फाइल), स्टेम्स (प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा), अनलिमिटेड (वापराला मर्यादा नाही) आणि वर एक्सक्लुझिव्ह (त्यानंतर ती बीट दुसऱ्या कोणाला द्यायची नाही). पण ही रचना अमेरिकन गिऱ्हाइकाला समोर ठेवून बनलेली आहे. नागपुरात ती कुठे चालते आणि कुठे अडते, ते बऱ्याच जणांनी डीएमवर विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी सगळ्यात खालचा दर. आपल्याकडे ४९९ला एमपीथ्री देणारे पुष्कळ आहेत. मी ४९९ आणि ९९९ दोन्ही चालवून पाहिले. ४९९ला गिऱ्हाईक जास्त येतं, पण त्यातलं निम्मं अजून गाणं लिहून राहिलेलं असतं. बीट घेतो, मग स्केल बदलून मागतो, मग हुक (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा भाग) लांबवून मागतो, आणि शेवटी गाणं येतच नाही. ९९९ देणारा मात्र गाणं लिहूनच येतो. विक्रीची संख्या घटली, पण हातात येणारी रक्कम घटली नाही आणि रात्री मोकळ्या झाल्या. माझ्या मते बीटचा खालचा दर ठरवताना ‘गिऱ्हाइकाला काय परवडेल’ याच्याइतकाच ‘मला किती बोलावं लागेल’ हाही हिशेब धरायला हवा.

डॉलरच्या बाजूला खालच्या दराचं गणित आणखी सरळ आहे. माझ्या खात्यावर परदेशी पेमेंटला साडेचार टक्क्यांच्या आसपास कापतात, वर ठरावीक ३० सेंट. १० डॉलरच्या बीटवर हे ७५ सेंट होतात, म्हणजे साडेसात टक्के. ३० डॉलरवर तेच साडेपाच टक्क्यांवर येतं. पुढे डॉलरचे रुपये होताना आणखी थोडं झिजतं, ते वेगळं. म्हणून डॉलरमध्ये २५च्या खाली मी काहीच ठेवत नाही. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, त्यामुळे रुपयांत ९९९ आले की ९९९च खात्यात पडतात. दोन्हीकडे एकच भाव लावून मोकळं व्हा असं सांगणाऱ्यांनी हा फरक बघावा.

घासाघीस. ‘भाऊ, फायनल किती?’ हा प्रश्न टळत नाही आणि टाळूही नये. सीताबर्डीवर शर्ट घेणारा माणूस बीट घेताना वेगळा कसा वागेल? मी एका बीटवर भाव सोडत नाही. दोन घेतल्या तर तिसरी मोफत देतो. समोरच्याला काहीतरी मिळाल्याचं समाधान मिळतं आणि एका बीटचा भाव जागेवर राहतो. एकाला ७०० ला दिली की तो आकडा इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत दोन दिवसांत पोचतो, हे इथल्या कोणालाही सांगायला नको.

आता स्टेम्स. परदेशी दुकानात माझी सर्वात जास्त विक्री एमपीथ्रीची आहे. रुपयांच्या यादीत ती स्टेम्सची आहे, आणि याचं कारण नागपूरचा हंगाम. १४ एप्रिलच्या जयंतीची गाणी फेब्रुवारी-मार्चपासून रेकॉर्ड व्हायला लागतात. नंतर मारबत, गणपती, आणि दसऱ्याला दीक्षाभूमी. हे गाणं मोबाइलवर कमी आणि मिरवणुकीत जास्त वाजतं. डीजेवाल्याला किक वेगळी हवी असते, ढोल वेगळा, म्हणजे त्याच्या बेसच्या पेट्यांना जुळवून त्याला पुन्हा मिक्स करता येतं. स्टेजवर गाणाऱ्याला मायनस ट्रॅक, म्हणजे आवाज काढलेलं गाणं, लागतो. माझ्या काही बीट्समध्ये धुमालचा (मिरवणुकीतल्या इथल्या ढोल-ताशा वाद्यवृंदाचा) ताल मी स्वतः रेकॉर्ड करून टाकलाय. तिथे तर नुसती एमपीथ्री कोणी मागतच नाही.

म्हणून रुपयांच्या यादीत वेव्ह १,४९९ आणि स्टेम्स २,४९९ असं अंतर मुद्दाम कमी ठेवलं. परदेशी दुकानात स्टेम्सचा दर वेव्हच्या दुपटीहून जास्त आहे. इथे दुप्पट लावला की लोक वेव्हवर थांबतात आणि मग आठवड्याभराने ‘ढोल वेगळा काढून दे ना भाऊ’ सुरू होतं. ते काम फुकट करण्यापेक्षा आधीच हजार रुपये जास्त घेतलेले बरे. फाइल मात्र जड होते: २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १५ एमबी, म्हणजे तीन मिनिटांच्या बीटचे वीस ट्रॅक काढले की जवळपास एक जीबी. व्हॉट्सअॅपने जात असलं तरी मी ड्राइव्हची लिंक देतो आणि ती महिनाभरच चालू ठेवतो.

याच हंगामातून एक दर मला नव्याने टाकावा लागला. जयंतीचं गाणं करणाऱ्याला बीट कायमची नको असते. त्याला एवढंच हवं असतं की त्या एप्रिलमध्ये दुसऱ्या कुणाचं गाणं त्याच बीटवर येऊ नये. पूर्ण एक्सक्लुझिव्ह २०,०००च्या पुढे. एवढे त्याच्याकडे नसतात. म्हणून ‘हंगामी’ असा दर ठेवला, ७,०००. फेब्रुवारी ते एप्रिलअखेर ती बीट मी दुसऱ्या कोणालाच देत नाही, मे महिन्यात ती पुन्हा यादीवर येते. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या दरांत हा मला सर्वात आवडलेला. अट एकच: ज्या बीटवर आधीच लीज गेलीय, ती हंगामीला द्यायची नाही.

लायसन्सचा कागद. परदेशी नमुन्यात लिहिलेलं असतं: इतक्या हजार प्रती, इतके स्ट्रीम्स, दोन रेडिओ स्टेशन. इथल्या गायकाच्या हे काही कामाचं नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत हजार स्ट्रीम्स नसतील तर गाण्याला पैसेच सुरू होत नाहीत; स्ट्रीम्सची मर्यादा घालून मी कोणाला अडवणार? माझ्या मराठी कागदावर तीनच गोष्टी आहेत: कोणतं यूट्यूब चॅनल, किती वर्षं, आणि स्टेजवर-मिरवणुकीत वाजवायची मुभा. मुदत आणि प्रदेश लिहाच. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ३०अ मुळे हे लायसन्सलाही लागू होतं. दोन वर्षांचे पैसे घेऊन पाच वर्षं देऊन बसायचं नसेल तर एक ओळ पुरते.

लिल नास एक्स या अमेरिकन रॅपरच्या ‘ओल्ड टाउन रोड’चं उदाहरण प्रत्येक गिऱ्हाईक देतो. यंगकिओ या डच प्रोड्युसरची बीट, ३० डॉलरला घेतलेली, आणि २०१९ मध्ये गाणं १९ आठवडे बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर. त्याचा अर्थ ‘स्वस्त विका, नशीब उघडेल’ असा लावला जातो. पण ३० डॉलर हा लीजचा भाव होता. प्रोड्युसर आणि सहलेखक म्हणून यंगकिओचं नाव गाण्यावर आहे, ते वेगळं. बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडचा सॅम्पल (जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा) निघाल्यावर बँडच्या ट्रेंट रेझनर आणि अॅटिकस रॉस यांचीही नावं श्रेयात आली. दर कितीही ठेवा, श्रेय आणि हिस्सा वेगळा लिहून घ्या. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीनंतर गाण्याच्या ध्वनिमुद्रणातला संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क ‘सगळे हक्क दिले’ असं लिहूनही जात नाही. त्यासाठी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घ्या.

एक्सक्लुझिव्हचा आकडा मी यादीतून काढून टाकलाय. तो लिहिला की खालचे दर लोकांना स्वस्त वाटतात, हे खरं आहे. पण इथे तो आकडा धरूनच घासाघीस सुरू होते. ती बीट दोन वर्षांत लीजवर किती देईल याचा अंदाज घेऊन मी भाव सांगतो. आधीच्या लीज चालू राहतील हेही त्याच वेळी सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की एक्सक्लुझिव्ह घेतली म्हणजे जुनी गाणी उतरवली जातील.

महिन्याला एखाददुसरी बीट विकली जात असेल तर मार्केटप्लेसचं महिन्याचं शुल्क भरू नका. यूपीआय आणि एक पानी कागद पुरेसा आहे. आणि लीजच्या कागदावर जाड अक्षरात लिहा की हे गाणं कंटेंट आयडीत (तेच संगीत दुसऱ्या व्हिडिओत ओळखून हक्क सांगणारी यूट्यूबची यंत्रणा) टाकायचं नाही. एकाने टाकलं की त्याच बीटवर गायलेल्या बाकी सगळ्यांच्या व्हिडिओंवर क्लेम येतो आणि फोन तुम्हाला येतात. ती ओळ वाचून कुणी विचारलंच, ‘मग मला कंटेंट आयडी लावायची असेल तर?’, तर तिथे मी त्याला एक्सक्लुझिव्हचा भाव सांगतो.