तीन गुंठे, एक नोटरी आणि चार लाख रुपये

२०२४ च्या सुरुवातीस आम्ही पहिले घर घ्यायचे ठरवले, तेव्हा हाताशी साडेचार लाख रुपये होते आणि पगारावर साधारण बारा लाखांचे कर्ज मिळण्यासारखे होते. एवढ्या पैशांत रत्नागिरीत दोनच गोष्टी बसत होत्या: कुवारबावला एक जुना वन आरके फ्लॅट, किंवा पावसच्या रस्त्याला कातळावर तीन गुंठे घेऊन त्यावर सवडीने बांधायचे दोन खोल्यांचे चिऱ्याचे घर. फ्लॅटची कागदपत्रे चोख होती, पण गॅलरीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत असे. कातळावरून समुद्र दिसत होता. आमचा निर्णय तिथेच झाला.

एजंटाने दाखवलेल्या जागेत चुन्याने आखलेले चाळीसेक प्लॉट होते. एवढ्या मोठ्या योजनेला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते हे ठाऊक असूनही मी नोंदणी क्रमांक विचारला नाही. ‘ही गावातली घरगुती स्कीम आहे’ हे उत्तर मी त्याच्या वतीने मनातल्या मनात देऊन टाकले होते. सातबारा त्याने मोबाइलवर दाखवला, तोही अर्धा. ‘एनए (बिगरशेती परवानगी) होतच आलंय, तोवर नोटरी करून ठेवू, खरेदीखत मागाहून,’ असे म्हणून त्याने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर विसाराचा कागद केला आणि चार लाख रुपये घेतले, त्यांतील दीड लाख रोख.

कर्जासाठी गेलो तेव्हा बँकेच्या वकिलांनी पंधरा रुपयांत मिळणारा डिजिटल सातबारा माझ्यासमोर काढला. त्यावर अकरा सहहिस्सेदार होते आणि कागदावर सही करणारा त्यांपैकी फक्त एक. कोकणात यात नवल काहीच नाही, कारण वाटप न झालेल्या जमिनीत मे महिन्यापुरता मुंबईहून येणारा चुलतभाऊही मालकच असतो. जमीन शेतीची होती, बिगरशेतीचा अर्जसुद्धा झालेला नव्हता, आणि मी स्वतः शेतकरी खातेदार नसल्यामुळे ती मला विकत घेताच आली नसती. त्यातच शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास रोखणाऱ्या तुकडेबंदी कायद्यानुसार त्या वेळी जिरायतीसाठी किमान २० आणि बागायतीसाठी १० गुंठ्यांची मर्यादा होती, म्हणजे तीन गुंठ्यांचा दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवला जाणे कठीणच. नोटरीचा आग्रह कशासाठी होता, ते तेव्हा उलगडले. नोटरीच्या शिक्क्याने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ एवढेच ऐकायला मिळाले. बऱ्याच फेऱ्यांनंतर एजंटाने सव्वा लाखाचे दोन धनादेश दिले, आणि रोख दिलेल्या दीड लाखाची पावती नसल्याने ती रक्कम त्याने सरळ नाकारली. पहिला धनादेश वटला. दुसरा परत आला, आणि त्यावर खटला भरायचा तर बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते हे मला कळले, तेव्हा एकेचाळिसावा दिवस होता.