ठेवीवर घेतलेलं क्रेडिट कार्ड: काही महिने वापरल्यावर काय पटलं, काय खटकलं

मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं हे कार्ड. पहिल्यांदाच कार्ड घेणाऱ्याला किंवा क्रेडिट स्कोअर (कर्ज आणि बिलं फेडण्याच्या सवयीचे गुण) एकदा घसरलेल्याला साधं कार्ड सहज मिळत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग असतो. लिमिट साधारण ठेवीच्या 80 ते 100 टक्के मिळतं आणि ठेवीवर व्याजही चालू राहतं. एक गैरसमज मात्र सर्रास दिसतो: ‘बिल राहिलं तर बँक ठेवीतून घेईल, काळजी कसली?’ बँक घेते, पण त्याआधी उशिराची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये पोहोचलेली असते. बँकेचे पैसे वाचतात, तुमचा स्कोअर वाचत नाही.

अर्ज करण्याआधी बँकेला एकच प्रश्न विचारा: या कार्डाची माहिती नियमितपणे कोणकोणत्या क्रेडिट ब्युरोंकडे (कर्जफेडीच्या नोंदी ठेवून रिपोर्ट आणि स्कोअर देणाऱ्या कंपन्यांकडे) जाते? कुठेच जात नसेल, तर स्कोअर सुधारण्यासाठी हे कार्ड निरुपयोगी.

रिवॉर्ड पॉइंट यथातथाच आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. या कार्डाचं बरंवाईट ठरतं ते दोन तारखांवर. स्टेटमेंट तयार होतं ती एक आणि पैसे भरायची शेवटची दुसरी. दोन्हींमध्ये साधारण तीन आठवडे असतात. स्टेटमेंटच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला सुमारे 50 दिवस बिनव्याजी मिळतात, आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला जेमतेम 20. स्टेटमेंटची तारीख बदलून मिळत असेल तर पगारानंतर आठ-दहा दिवसांत शेवटची तारीख येईल अशी मागून घ्या.

ही बिनव्याजी सवलत आधीचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच मिळते. हिशोब करून बघा. व्याज महिना 3 टक्के, म्हणजे वर्षाला 36. बिल 40,000, भरले 39,000. व्याज उरलेल्या 1,000 वर लागेल असं वाटतं. अनेक बँका ते पूर्ण 40,000 वर, खरेदीच्या दिवसापासून लावतात. खरेदी आणि भरणा यांत 40 दिवस गेले असतील तर सुमारे 1,578 व्याज होतं. म्हणजे थकलेल्या रकमेपेक्षा व्याज जास्त! शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. पुढच्या महिन्यात सगळं भरलं तरी त्यानंतरच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज पुन्हा दिसतं. ती चूक नसते. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. तेही भरून टाकायचं, नाहीतर चक्र पुन्हा सुरू होतं.

मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरावीच लागणारी रक्कम) हा आकडा ॲपमध्ये नको इतका ठळक दिसतो, आणि ही माझी या कार्डाबद्दलची मोठी तक्रार. थकबाकी 1,00,000, व्याज तेच 3 टक्के, आणि दर महिन्याला फक्त 5 टक्के भरत गेलात, तर नवी खरेदी शून्य ठेवूनही वर्षात जवळपास 55,000 भरून होतात आणि 77,000 देणं शिल्लक राहतं. अडचणीच्या एखाद्या महिन्यात मिनिमम भरल्याने लेट फी आणि उशिराची नोंद टळते, एवढाच त्याचा उपयोग. त्यामुळे ऑटोपे (खात्यातून आपोआप बिल भरणं) लावताना ‘टोटल ड्यू’, म्हणजे पूर्ण बिल, निवडलंय का, हे दोनदा तपासा. काही ॲप आपणहून ‘मिनिमम’वर खूण करून ठेवतात. ऑटोपे लावल्यावर पहिलं बिल हातानेच भरावं लागण्याची शक्यता असते, कारण सूचना लागू व्हायला एखादं बिलिंग चक्र जातं. आणि ऑटोपेच्या एक-दोन दिवस आधी हातानेही भरलंत, तर कधी कधी रक्कम दोनदा कापली जाते. पैसे बुडत नाहीत, कार्डावर जमा दिसतात. पण खात्यातली शिल्लक ऐनवेळी कमी पडते आणि दुसरा एखादा हप्ता बाउन्स होतो.

परताव्याचंही एक बघा. स्टेटमेंट निघाल्यावर दुकानदाराने रिफंड दिला, तर काही ठिकाणी तो ‘भरणा’ धरला जात नाही. तो याच बिलात वळता झाल्याचं बँकेने कळवलं नसेल, तर बिल छापलंय तेवढं भरा.

आता स्कोअर. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या फायको (FICO) स्कोअरच्या सूत्रात 35 टक्के वजन वेळेवर भरण्याला, 30 टक्के किती देणं आहे याला, 15 टक्के खात्यांच्या वयाला आणि उरलेले 10-10 नवी खाती व कर्जांचे प्रकार यांना आहे. इतर स्कोअरची वजनं वेगळी असली तरी पहिल्या दोन गोष्टी सगळीकडेच जड. ठेवीवरच्या कार्डाचं लिमिट लहान असतं, म्हणून दुसरी गोष्ट इथे चांगलीच नडते. लिमिट 50,000 आणि महिन्याचा खर्च 35,000 असेल, तर बिल पूर्ण भरूनही रिपोर्टमध्ये 70 टक्के वापर दिसतो, कारण बँक सहसा स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी कळवते. उपाय सोपा: स्टेटमेंटच्या तीन-चार दिवस आधी 30,000 भरून टाका, वापर 10 टक्क्यांवर येतो. 30 टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात. कर्जाचा अर्ज करायचा असेल त्याआधीचे दोन-तीन महिने 10 च्या आत ठेवलेलं जास्त बरं. मोठी खरेदी हप्त्यांत फिरवली तर न फिटलेली रक्कम लिमिटमधून अडकून राहते, हेही गणितात धरा.

एटीएममधून रोख काढणं बंदच ठेवा. फी वेगळी, आणि व्याज त्याच दिवसापासून. वॉलेट भरणं किंवा पैजेच्या साइटवर पैसे टाकणं हेही काही बँका रोख उचल समजतात.

ॲपमध्ये एक गोष्ट खरोखर उत्तम आहे: परदेशी, ऑनलाइन, टॅप आणि एटीएम या चारही व्यवहारांना वेगवेगळी बटणं आणि प्रत्येकाला वेगळी मर्यादा. लागेल तेव्हा चालू, काम झालं की बंद. सूचना अगदी लहान रकमेलाही येतील अशा ठेवा, कारण चोरलेलं कार्ड चालतं का हे बघायला आधी किरकोळ रकमेचाच व्यवहार करतात. ओटीपी टाकण्याआधी मेसेजमधली रक्कम आणि दुकानाचं नाव वाचा. ‘लिमिट वाढवतो’ म्हणून फोन करणारा ओटीपी मागत असेल तर तो बँकेचा नाहीच. कार्ड हरवून नवं आलं, तरी जुन्या वर्गण्या (सबस्क्रिप्शन) नव्या क्रमांकावर आपोआप चालू राहू शकतात. नको असलेली वर्गणी त्या सेवेतच जाऊन रद्द करावी लागते.

न केलेला व्यवहार दिसला तर आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक, मग लेखी तक्रार, तक्रार क्रमांक आणि स्क्रीनशॉट. वादातली रक्कम सोडून बाकीचं बिल मात्र वेळेवर भराच.

रिपोर्ट प्रत्येक ब्युरोचा वेगळा मागवा. एकाकडे बरोबर असलेली नोंद दुसऱ्याकडे चुकलेली असू शकते. स्वतः रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. कर्जाच्या अर्जामुळे बँकेने केलेली चौकशी मात्र मोजली जाते. त्यामुळे एका आठवड्यात चार कार्डांना अर्ज करू नका. रिपोर्टमध्ये शोधायचं ते हे: फेडलेलं कर्ज चालू दिसतंय का, न केलेल्या अर्जाची चौकशी आहे का, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं खातं चिकटलंय का. ॲड-ऑन कार्ड (आपल्याच खात्यावर घरातल्या दुसऱ्याला दिलेलं कार्ड) दिलं असेल तर त्या खर्चाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाचीच, हे घरात आधी बोलून घ्या.

साधं कार्ड मिळाल्यावर हे बंद करण्याची घाई नको. बंद केल्याने एकूण लिमिट घटतं आणि वापराची टक्केवारी वाढते. ठेव सोडवायचीच असेल, तर बँक हेच खातं बिनतारण करून देते का ते विचारा, म्हणजे खात्याचं वय टिकतं. नाहीच जमलं तर वर्गण्या दुसऱ्या कार्डावर न्या, येणारे रिफंड येऊ द्या, पॉइंट संपवा, बाकी शून्य करा आणि खातं बंद केल्याचं लेखी पत्र घ्या. दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये ‘बंद’ अशी नोंद आली का बघा. ‘सेटल्ड’ असं लिहिलं असेल तर ते पत्र जोडून लगेच दुरुस्ती मागा, कारण कर्ज देणारा त्याचा अर्थ ‘पूर्ण रक्कम भरली नाही’ असा लावतो.