मँक्स नॉर्टन की मॅचलेस जी५०?

पाचशे सीसी गटातली, एका सिलिंडरची जुनी ब्रिटिश रेसिंग मोटरसायकल घेऊ पाहणाऱ्यापुढे शेवटी बहुधा दोनच नावे उरतात : बर्मिंगहॅमची मँक्स नॉर्टन आणि लंडनच्या प्लमस्टेडमध्ये तयार झालेली मॅचलेस जी५०.

चालवण्यातला फरक थोडक्यात सांगता येतो. मँक्सला दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे, इंजिनाच्या माथ्यावरचे दांडे) आणि मॅकँडलेस बंधूंनी रचलेली ‘फेदरबेड’ नावाची फ्रेम आहे. आइल ऑफ मॅन बेटावरची १९६१ ची सीनियर टीटी शर्यत ब्रिटिश रेसर माइक हेलवूडने याच गाडीवर जिंकली. १९५८ मध्ये आलेली जी५० म्हणजे त्याच कारखान्याच्या ३५० सीसीच्या एजेएस ७आरची ४९६ सीसीची मोठी बहीण. कॅमशाफ्ट एकच आणि तोही चेनवर चालणारा, त्यामुळे ती वजनाला हलकी आणि देखभालीला सोपी आहे.

किंमत मात्र पूर्वेतिहासावर ठरते, आणि तिथे दोघींच्या अडचणी वेगळ्या आहेत. १९५० च्या दशकात फॉर्म्युला थ्रीच्या छोट्या मोटारींसाठी मँक्सच्या इंजिनाला मोठी मागणी होती. सुटे इंजिन सहसा मिळत नसल्याने लोक अख्खी गाडी घेऊन इंजिन काढून घेत, आणि उरलेल्या फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ तयार होई. म्हणून इंजिन आणि फ्रेमचे क्रमांक जुळत नाहीत एवढ्यावरून मँक्स नाकारू नये. जुनी कार्यक्रमपत्रके, छायाचित्रे आणि पावत्या यांतून मालकांची साखळी सलग लागत असेल, तर अशी गाडी मी क्रमांक जुळणाऱ्या पण एकही कागद नसलेल्या गाडीपेक्षा वरची मानतो. कागद नसतील तर भिंगातून क्रँककेस (इंजिनाचे खालचे कवच, ज्यावर क्रमांक ठोकलेला असतो) पाहावी : आकड्यांखालची जागा भोवतालच्या ओतीव, खरबरीत पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत दिसली, तर मूळ क्रमांक घालवण्यासाठी तिथे कानस फिरली असण्याची शंका घ्यावी.

जी५० मुळातच सुमारे १८० बनल्या. १९६६ मध्ये ब्रिटिश रेसर कॉलिन सीली यांनी तिचे हक्क घेऊन स्वतःच्या फ्रेममध्ये ही इंजिने बसवली (सीलीची गाडीही मोलाची आहे, पण ती वेगळी वस्तू), आणि आज तिचे जवळजवळ सगळे भाग नवे मिळतात. म्हणजे जी५० शून्यातून उभी करता येते. त्यामुळे तिचा क्रमांक एजेएस आणि मॅचलेस मालकांच्या क्लबाकडील कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय अस्सल गाडीचा भाव देऊ नये.

शर्यतीत उतरायचे असेल तर नव्या भागांची जी५० खुशाल घ्यावी. कारण अस्सल गाडीची जुनी मॅग्नेशियमची क्रँककेस शर्यतीत फुटली तर तिची भरपाई नाही. संग्रहासाठी मात्र कागदपत्रांसह मिळणारी मँक्स घ्यावी, मग तिचे इंजिन मूळचे नसले तरी चालेल.