व्यायाम करून द्यायचा की करवून घ्यायचा?

अर्धांगाचा झटका येऊन गेलेले आजोबा घरी येतात. डॉक्टरांनी सांध्यांचे व्यायाम दिवसातून दोनदा करायला सांगितलेले असतात. सांभाळायला आलेल्या मावशी विचारतात, "मी करून देऊ, की त्यांच्याकडून करवून घेऊ?" प्रश्न अगदी योग्य आहे.

करून देताना हात-पाय आपण हलवायचे, आजोबांनी सैल सोडायचे. माणूस शुद्धीवर नसेल किंवा हातात काहीच हालचाल नसेल, तर दुसरा मार्गच नाही. यामुळे सांधे आखडणं टळतं, ताकद मात्र येत नाही. "महिनाभर रोज हलवतोय, हात का उठत नाही?" असं विचारणाऱ्या घरच्यांना हे कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

करवून घेताना सुरुवात आजोबांनी करायची, हात अडेल तिथून पुढे आपण आधार द्यायचा. वेळ जास्त लागतो, पण स्नायू स्वतः काम करतात. सांगितलेलं समजत असेल आणि थोडीशी जरी हालचाल असेल, तर माझ्या मते हेच निवडावं. आवरायच्या घाईत सगळं करून दिलं, की उरलेली हालचालही वापराविना जाते.

एकाच माणसाचा कोपर करवून घेण्याजोगा असतो आणि घोटा करून देण्याजोगा. म्हणून एकेक सांधा बघून ठरवा.

खांद्याला सर्वांत जपा. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच खांदा खाली ओघळतो. अशा वेळी उठवताना हात धरून ओढू नये, कधीच नाही. व्यायामात एक तळवा कोपराखाली, दुसरा मनगटाला. खांद्याच्या रेषेपर्यंतच उचला, त्याच्या वर फिजिओंनी (फिजिओथेरपिस्टनी) दाखवल्याशिवाय नाही. दोरी-कप्पीने हात वर ओढणं तर नकोच.

घोट्यासाठी टाच तळहातात घ्या, तळपाय आपल्या हाताला टेकवून पायाची बोटं आजोबांच्या चेहऱ्याच्या दिशेने हळूच दाबा. पाऊल खाली लोंबत राहिलं, तर पुढे उभं राहताना टाच टेकत नाही.

दोन्ही पद्धतींत सावकाश. झटका दिला की ताठरलेला हात आणखी ताठरतो. बोलता न येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहा, कपाळाला आठी पडली की थांबा. एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर तो पाय हलवू किंवा चोळू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

फिजिओ शिकवायला येतील तेव्हा मावशींना शेजारी उभं करा. रोज व्यायाम त्याच करणार आहेत.