क्ले शूटिंगसाठी दुनळी घेताना: बेरेटा, पेराझी, ब्राउनिंग की क्रीघॉफ?

स्पर्धेसाठी पहिली ओव्हर-अँड-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्यांची शॉटगन, घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो, बेरेटा घेऊ की पेराझी? मी उलट विचारतो, ट्रॅप की स्कीट, म्हणजे दूर जाणारे क्ले (हवेत सोडलेल्या चकत्या) की आडवे जाणारे? उत्तर 'दोन्ही' आलं की मला माझी पहिली बंदूक आठवते.

ती ट्रॅपची होती. 76 सेंटीमीटर नळ्या, उंच दस्ता, नळीवर उंच पट्टी. जुनी, पण नीट राखलेली. ट्रॅपवर छान चालायची. स्कीटच्या मैदानावर नेली आणि सोपे सोपे क्ले सुटायला लागले. दोन आठवडे मी स्वतःच्या स्विंगला बोल लावत होतो. शेवटी कोचनी मला लोखंडी पत्र्यासमोर उभं केलं. पत्र्याला पांढरा रंग फासलेला, मधोमध काळा ठिपका, अंतर 15 मीटर. नेम धरत बसायचं नाही, नेहमीसारखी बंदूक खांद्याला आणायची आणि चाप ओढायचा. पाच बार झाले. छऱ्यांच्या झुबक्याचा मध्य ठिपक्याच्या चांगला 9 सेंटीमीटर वर!

हिशोब सोपा आहे. रायफलला नेम धरायला पुढे माशी असते आणि मागे दर्शिका असते. शॉटगनला मागची दर्शिका नसते, ते काम तुमचा डोळा करतो. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण मीटरभर अंतर. म्हणजे डोळा 1 मिलिमीटर वर असला तर 15 मीटरवर छरे दीड सेंटीमीटर वर जातात आणि 35 मीटरवर साडेतीन. माझा डोळा 6 मिलिमीटर वर होता. पण बंदुकीत दोष काहीच नव्हता. ट्रॅपमध्ये क्ले दूर जाता जाता वर चढत असतो, म्हणून ती मुद्दाम वर मारणारी केलेली असते. स्कीटला तीच चाल नडते.

ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये क्ले 15 मीटर पुढच्या खंदकातून सुटतो आणि 76 मीटरपर्यंत जाईल अशा जोराने सुटतो. डावी-उजवीकडे 45 अंशांपर्यंत कुठेही. बंदूक आधीच खांद्याला लावलेली चालते. पहिला बार 30 मीटरच्या पुढेमागे, दुसरा त्याहून लांब. म्हणून नळ्या लांब, चोक (नळीच्या तोंडाशी ठेवलेली अरुंदी, ती छरे एकत्र ठेवते) आवळ, आणि बंदूक जरा पुढून जड. स्कीटमध्ये क्ले आडवा जातो, अंतर विशीच्या आसपास, आणि ऑलिम्पिक नियमाप्रमाणे क्ले दिसेपर्यंत दस्ता कमरेपाशी ठेवावा लागतो. तिथे बंदूक चटकन वर आली पाहिजे, दस्ता बगलेत अडकता कामा नये, चोक जवळपास नसल्यातच जमा. स्पोर्टिंग या तिसऱ्या खेळात क्ले कुठूनही कसाही येतो, म्हणून त्याची बंदूक मधली. खरोखरच दोन्ही खेळायचं असेल तर हीच मधली घ्या आणि दस्त्याची गालपट्टी खालीवर करता येणारी असू द्या. माझी शेवटी तशीच करून घेतली.

चार घराणी

आता नावांकडे. या चौघांतला खरा फरक कोरीवकामात नाही, नळ्या बिजागरीवर कशा बसतात आणि बंद झाल्यावर कुठे अडकतात, यात आहे.

या चौघांत दुनळीची सगळ्यांत जुनी रचना ब्राउनिंगची. जॉन ब्राउनिंग 1926 साली बेल्जियममध्ये वारला तेव्हा त्याच्या हातातलं शेवटचं काम म्हणजे ही दुनळी. ती पुरी केली मुलाने, व्हॅलने. नळ्यांच्या खाली पूर्ण रुंदीची बिजागरी, कुलूपही तळाशी. रचना दणकट, दशकानुदशकं चालणारी. पण सगळं खाली असल्यामुळे ॲक्शन (नळ्या जिच्यात बसतात ती चौकट) खोल होते आणि नळ्या हातापासून वर राहतात. आज ब्राउनिंगच्या बहुतेक दुनळ्या जपानात मिरोकूच्या कारखान्यात बनतात, आणि त्यांची बांधणी पाहून कुणी नाक मुरडेल असं वाटत नाही.

बेरेटाची 68 मालिका, म्हणजे 682, 686 पासून आजच्या 694 पर्यंत, उलट वाटेने गेली. नळ्यांखाली बिजागरी नाहीच. चौकटीच्या दोन्ही बाजूंना खुंट्या आहेत, त्यांवर नळ्या झुलतात. कुलपाच्या दोन निमुळत्या पिना मागून पुढे येऊन वरच्या नळीच्या दोन्ही अंगांना बसतात. ॲक्शन उथळ. बंदूक डाव्या हातात धरली की नळ्या तळव्यातच आल्यासारख्या वाटतात, बोट दाखवावं तशी ती रोखली जाते. झिजलेल्या खुंट्या आणि पिना बदलता येतात. लाखभर बार टाकायचे असतील तर ही गोष्ट कोरीवकामापेक्षा मोलाची.

पेराझीची एमएक्स8 आली ती 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी, नावातलं 'एमएक्स' तिथलंच. तिच्या घडणीत एन्यो मात्तारेल्ली याचा हात होता, 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमधला ट्रॅपचा सुवर्णविजेता. ॲक्शन उथळच, पण नाव झालं ते सुट्या चापामुळे. सेफ्टीचं बटण पुढे ढकललं की चापाचा अख्खा संच, स्प्रिंगांसकट, खाली हातात येतो. ऐन सामन्यात स्प्रिंग तुटली तर खिशातला दुसरा संच बसवायचा आणि पुढे चालायचं. बेरेटाच्या डीटी11 लाही सुटा चाप आहे, 694 ला नाही. नवख्याला त्याची गरज आहे का? माझ्या मते नाही. गरज पडते ती वर्षाला हजारोंनी काडतुसं जाळणाऱ्याला. पण पेराझीचा चाप एकदा ओढून पाहिलेला माणूस हे ऐकून घेत नाही, हेही खरं.

क्रीघॉफची के-80 जर्मनीतल्या उल्मची. तिचं कुलूप माथ्यावर, सरकत्या टोपीसारखं. नळ्या एकमेकींना पूर्ण जोडलेल्या नाहीत. पुढच्या टोकाशी असलेला छोटा दुवा बदलून खालची नळी कुठे मारते ते बसवता येतं. एकाच चौकटीवर ट्रॅप-स्कीटच्या वेगवेगळ्या नळ्या चढवायची सोय चांगली. पण अंग जड, चार किलोच्या आसपास. दणका कमी लागतो, मात्र दिवसभरात 100 क्ले झाल्यावर डावा खांदा बोलायला लागतो.

चाप, चोक

चाप दोन तऱ्हेचे असतात. एक पहिल्या बाराच्या धक्क्यावर दुसऱ्या नळीकडे वळतो, दुसरा यांत्रिक, त्याला धक्का लागत नाही. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर पहिल्या तऱ्हेत दुसरी नळी उडत नाही. ऑलिम्पिकची काडतुसं 24 ग्रॅम छऱ्यांची, धक्का मुळातच हलका. म्हणून दुसऱ्या नळीचा बार हलक्या काडतुसानेही दर वेळी उडतो का, हे घ्यायच्या आधी उडवूनच पाहावं.

चोक बदलता येणारे घ्यावेत की नळीतच कोरलेले? बदलता येणाऱ्या चोकमुळे नळीच्या तोंडाशी थोडं वजन वाढतं. फक्त ट्रॅप खेळणाऱ्याला कोरलेले चालतात. बाकीच्यांनी बदलते घ्यावेत. स्कीटचा चोक आणि पूर्ण चोक यांत जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटरचा फरक असतो, त्यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात.

मग घ्यायची कुठली?

पहिलीच असेल आणि खेळ अजून ठरला नसेल तर बेरेटाची 68 मालिका किंवा मिरोकूची ब्राउनिंग, स्पोर्टिंगच्या अंगाची, 76 सेंटीमीटर नळ्यांची. हात मोठा असेल, जड बंदूक आवडत असेल तर ब्राउनिंग. अंग बारीक असेल, स्कीटकडे ओढ असेल तर बेरेटा. ट्रॅपच खेळायचं हे दोन हंगाम खेळून ठरलेलं असेल तर पेराझी किंवा डीटी11, पण दस्ता मोजमाप देऊन करवून घेणार असाल तरच. दुसऱ्याच्या मापाची पेराझी तुमच्या मापाच्या 686 पुढे हरते, हे मी पत्र्यावर पाहिलंय. के-80 मी पहिली बंदूक म्हणून कुणाला सुचवणार नाही.

माप पाहायची घरगुती रीत अशी. दोनदा उघडून रिकामी असल्याची खात्री केलेली बंदूक घ्या, दूरचा एक ठिपका धरा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला आणा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. माशी पट्टीच्या मधोमध दिसली तर ठीक. ती शोधायला मान वळवावी लागली, तर दस्ता तुमचा नाही.

आणि जुनी घेत असाल तर बंदूक उघडायची वरची किल्ली पाहा. बंद बंदुकीत नव्या ॲक्शनची किल्ली मधल्या रेषेच्या जराशी उजवीकडे थांबते. झिजत जाईल तशी डावीकडे सरकते. मग पुढचा लाकडी भाग काढा, दस्ता बगलेत धरा आणि नळ्या डावी-उजवीकडे हलवून पाहा. जरा जरी खडखड झाली, तर बंदूक विकणाऱ्याच्या हातात परत द्या.