कर्बल स्पेस प्रोग्रॅम: तापमानाला पैकीच्या पैकी, दाबाला काठावर पास

भोसरीत प्रेशर व्हेसल, म्हणजे आत दाब सोसणाऱ्या टाक्या, तपासणं हे माझं काम. वेल्डचे एक्स-रे बघायचे, हायड्रो टेस्टला, म्हणजे पाणी भरून दाब देताना, गेजवर डोळा ठेवायचा. त्यामुळे पडद्यावर एखादं चपटं, पंखवालं यान परग्रहाच्या ढगांत बिनधास्त घुसलं की मला आधी त्याच्या शेलची, म्हणजे बाहेरच्या पत्र्याची, जाडी विचारावीशी वाटते. यान स्वतः बांधून ते मोडेपर्यंत बघायची सोय कर्बल स्पेस प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवरच्या खेळात आहे, म्हणून घेतला.

उष्णतेचं काम झकास केलंय. वातावरणात शिरताना जो भाग तापेल त्याच्याशेजारी छोटी पट्टी उगवते, ती लाल झाली की पुढचं सांगायला नको. हीट शील्डवरचा (उष्णतेपासून वाचवणाऱ्या ढालीवरचा) थर जळत जातो आणि उरलेला आकडा समोर दिसतो. खरंही तसंच असतं. १९९५ मध्ये गॅलिलिओ या अंतराळयानाचं उपयान गुरूच्या वातावरणात शिरलं तेव्हा त्याच्या शील्डचं निम्म्याहून जास्त वजन जळून गेलं होतं.

खरी मजा ईव्हवर. खेळातला जांभळा ग्रह, पृथ्वीच्या १.७ पट गुरुत्व, पृष्ठभागावर ५ अ‍ॅटमॉस्फियर, म्हणजे आपल्याकडच्या हवेच्या पाचपट दाब. इथे फुगवायचं १० मीटरचं शील्ड लावलं की नवख्याचं यान हमखास उलटतं. शील्ड हलकं आणि हवेला अडवणारं, मागे जड इंजिनं, मग शेपूट पुढे यायलाच बघणार. उपाय म्हणजे मागच्या टोकालाही तसलंच एक शील्ड. दिसायला डमरू, पण सरळ उतरतं.

दाबाच्या बाबतीत मात्र हात आखडलाय. दाबाची मर्यादा, म्हणजे ज्यापुढे भाग मोडतो तो आकडा, मुळात बंदच असते, सेटिंगच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात जाऊन चालू करावी लागते. चालू केली तरी प्रत्येक भागाला एक ठरावीक आकडा, आकाराला काही किंमत नाही. आतला दाब पत्र्याला ताणतो, बाहेरचा चेपतो. आणि चेपताना सपाट पत्रा सगळ्यात आधी आत जातो. म्हणून तर शुक्रावर उतरणाऱ्या सोव्हिएत व्हेनेरा यानांचं मुख्य भांडं गोल होतं. १९८२ मध्ये व्हेनेरा-१३ साधारण ९० अ‍ॅटमॉस्फियर आणि ४५७ अंश सेल्सिअसमध्ये १२७ मिनिटं टिकलं. आमच्याकडे एवढ्या तापमानाला नुसतं गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) निवडायचं म्हटलं तरी मीटिंग बसते!

रेडिएशन मूळ खेळात नाहीच. गुरूसारख्या ग्रहाजवळ तोच सगळ्यात मोठा घातक प्रकार, पण इथले हिरवे अंतराळवीर मजेत हसत बसतात. असो, त्यांना जेवणही लागत नाही.

पाचपैकी चार तारे. सेल लागेल तेव्हा घ्या, आणि पहिलं यान बांधायच्या आधी दाबाची आणि जी-फोर्सची (वेग झपाट्याने बदलताना पडणाऱ्या ताणाची) मर्यादा दोन्ही चालू करा. भागांची संख्या वाढली की साधा लॅपटॉप रडायला लागतो, तेवढं लक्षात ठेवा.