नैराश्यावरील औषधांसाठीची जनुकचाचणी : अहवालातले काय घ्यावे, काय सोडावे

माझ्या बहिणीला नैराश्यासाठी दिलेली आधीची औषधे मानवली नाहीत, म्हणून तिच्या मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडून औषध-जनुक चाचणी, म्हणजे कोणते औषध शरीर कसे हाताळेल याचा जनुकांवरून अंदाज देणारी चाचणी, करून घेतली. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना देणे अगदी सोपे होते आणि अहवालही वेळेवर आला. त्यात औषधांची हिरव्या (नेहमीप्रमाणे वापरा), पिवळ्या (जपून वापरा) आणि लाल (शक्यतो टाळा) रकान्यांत विभागणी केलेली होती. माझी पहिली तक्रार या रंगांविषयी आहे.

चाचणीचा भक्कम भाग औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरांशी (एन्झाइमांशी) संबंधित आहे. असे एक विकर बनवणाऱ्या सीवायपी२सी१९ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, तर एस्सिटॅलोप्रॅम किंवा सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरील औषध शरीरातून सावकाश बाहेर पडते आणि नेहमीच्या मात्रेतही रक्तातील पातळी वाढते. अशा रुग्णांना सिटॅलोप्रॅम दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये, अशी अमेरिकेच्या औषध नियामकांची सूचना आहे, कारण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. बहिणीच्या अहवालात नेमका हाच प्रकार आढळला. डॉक्टरांनी त्यावरून मात्रा ठरवली, आणि एवढ्यासाठी तरी ही चाचणी मला मोलाची वाटते.

मात्र औषध शरीरात किती काळ टिकते हे कळले, म्हणजे त्याने मन सावरेल की नाही हेही कळले, असे होत नाही. अहवालाने सेरोटोनिन वाहकाच्या (मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन पेशींत परत नेणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकावरूनही औषधांना रंग दिले होते, जरी २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने औषध निवडण्यासाठी त्या जनुकाचा पुरावा अपुरा ठरवला आहे. हिरव्या रकान्यातले औषध हमखास लागू पडेल, अशी समजूत घरातल्या प्रत्येकाची झाली होती आणि ती डॉक्टरांना दूर करावी लागली. अमेरिकेत १,९४४ माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाचणीमुळे आजार पूर्ण शमण्याचे प्रमाण किंचित वाढले, पण २४ आठवड्यांच्या शेवटी चाचणीचा आधार घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत ठळक फरक उरला नव्हता.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. फ्लुऑक्सेटीन आणि पॅरॉक्सेटीन ही औषधे सीवायपी२डी६ या औषधे पचवणाऱ्या दुसऱ्या विकराचे काम अडवतात, त्यामुळे जनुक उत्तम असलेली व्यक्तीही ती घेत असताना काही औषधे संथपणे पचवते. तरीही नमुन्याच्या अर्जात चालू औषधांची विचारणाच नव्हती. शिवाय कार्बामॅझेपीन या अपस्मार आणि मनःस्थितीच्या आजारांत वापरल्या जाणाऱ्या औषधामुळे त्वचेवर जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका दाखवणारे एचएलए-बी*१५:०२ हे जनुकरूप शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिले होते. आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी ते पहिल्या पानावर हवे.

प्रयोगशाळेने ‘मानसिक आजारांची प्रवृत्ती’ सांगणारी जोडचाचणीही सुचवली, ती आम्ही नाकारली. स्किझोफ्रेनियाशी जोडलेली २८७ जनुकीय स्थाने २०२२ मध्ये नोंदली गेली, पण त्यांतील बहुतेकांचा परिणाम अत्यल्प आहे, आणि निदान आजही संवाद व निरीक्षणानेच होते.

औषधांचे दुष्परिणाम वारंवार सोसावे लागलेल्या रुग्णाने ही चाचणी जरूर करून घ्यावी, पण रंगांच्या तक्त्यासोबत जनुकांचे मूळ निष्कर्षही मागून घ्यावेत. ते आयुष्यभर बदलत नाहीत, मार्गदर्शिका मात्र बदलतात, त्यामुळे पुढील प्रत्येक डॉक्टरांना ते नव्याने वाचता येतात.